नाव घालून मिळेल

मंगळवारी रात्री पावणेबारा वाजता
मी आमच्या दुकानाचं नाव विकत घेतलं.
सातशे नव्व्याण्णव रुपये, एका वर्षाला.
म्हणजे विकत नव्हेच, भाड्यानं;
अण्णांना तसं सांगितलं नाही.

अर्जात पत्ता विचारला.
तांबट लेन, कल्हईवाल्याच्या वर, पहिला मजला, जुनं नाशिक.
मोबाइल विचारला.
माझा दुरुस्तीला टाकलेला, म्हणून अण्णांचा दिला.
खाली एक चौकोन होता: माहिती झाकून ठेवायची का?
त्याचे चारशे वेगळे.
म्हटलं, झाकायचंय काय आपल्याला,
दुकान तर रस्त्यावरच उघडं असतं.

सकाळी नऊ-दहाला पहिला फोन.
"सर, वेबसाइट बनवून घ्यायची का?"
अण्णांचे कान चाळीस वर्षं घंगाळं मठारून गेलेले.
"बंब? बंब मिळेल. केवढा हवा?"
दुसरा लोगोवाला. तिसरा
गूगलच्या पहिल्या पानावर आणून बसवणारा.
चौथी मुलगी इंदूरची, आवाज सर्दीनं बसलेला,
तिला माझं नाव, घराचा मजला, पिनकोड, सगळं पाठ.
रात्रीची वेळसुद्धा. पावणेबारा.
दिवेलागणीपर्यंत एकतीस झाले.
एकतिसाव्याला मी विचारलं, नंबर मिळाला कुठून?
"मॅडम, यादी येते आम्हाला.
रोज सकाळी. दुधासारखी."

राग यायला हवा होता.
लगेच आला नाही,
कारण मागच्याच आठवड्यात
त्याच उघड्या वहीत मी डोकावले होते.
आम्हाला हवं असलेलं नाव, नुसतं आडनाव आणि पुढे तांबं,
कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं.
कोण म्हणून पाहिलं तर
सुहास निजामपूरकर, गंगापूर रोड.
सख्खा चुलत भाऊ. हातोडी कधी धरली नाही.
चार वर्षं नाव रिकामं ठेवलंय,
दाराला एकच पाटी: विकणे आहे.
वही उघडी होती म्हणून कळलं.
वही उघडी होती म्हणून फोन आले.
हा हिशेब मला अजून जुळवता येत नाही.

आजोबांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो
तेव्हा गुरुजींनी आधी विचारलं, मूळ गाव? आडनाव?
मगच लाल कापडाची गाठ सोडली
आणि पणजोबांची सही काढून दाखवली,
मोडीतली, तांबूस शाईची.
दक्षिणा तिथेही होती, नाही कशाला म्हणू.
पण पान उलटताना दुसऱ्या घराची नावं आली
की गुरुजी वर तळहात ठेवायचे.

त्या तळहाताचे आता वर्षाला चारशे.

अण्णा मात्र फोन घेतच राहिले.
प्रत्येकाला विचारायचे, "तुम्ही कुठले?"
आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवायचे:
रिझवान, भोपाळ, लोगो.
पूनम, इंदूर, सर्दी.
मी हसले तर म्हणाले,
"त्यांच्याकडे आपलं नाव आहे ना?
मग आपल्याकडे त्यांचं नको?"

शनिवारी सिडकोच्या एक बाई आल्या,
मुलीच्या लग्नाचा हंडा न्यायला.
आमच्या गल्ल्यावर रंग उडालेली पाटी आहे:
नाव घालून मिळेल. पैसे वेगळे पडणार नाहीत.
अण्णांनी टोच्या उचलला.
"काठावर घालू की बुडाला?"
बाई म्हणाल्या, फरक काय पडतो?
"काठावरचं पाणवठ्यावर कुणीही वाचतं.
बुडाचं वाचायला हंडा उचलून उपडा करावा लागतो."

आता पाणवठा कुठला, म्हणून बाई हसल्या,
तरी विचारात पडल्या.
तेवढ्यात फोन थरथरत गल्ल्यावरून सरकायला लागला.
अण्णांनी टोच्या खाली ठेवला.
"थांबा हं," म्हणाले,
"ती सर्दीवाली असेल."